गवताचं मशीन : टू-स्ट्रोक घ्यायचं की फोर-स्ट्रोक?

शेतावर असाल, चुलीपाशी असाल, कुठं ओट्यावर बसून भाजी निवडत असाल, हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आपण एका मशीनबद्दल बोलणार आहोत. मशीन म्हटल्यावर "ते पुरुषांचं काम" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मशीन गटाच्या पैशानं येणार, खांद्यावर तुमच्याच येणार, आणि बिघडलं तर हप्ताही तुम्हीच फेडणार. मग त्याच्या पोटात काय चाललंय हे तुम्हाला कळायला नको का?

आपल्या पनवेल तालुक्यात गणपती गेले की माळावरचं गवत कमरेएवढं झालेलं असतं. नेऱ्याकडून मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला जा, नाहीतर कर्नाळ्याच्या पायथ्याला, उतारच उतार. खाली खाचरात भात पिकायला लागतं आणि बांधावरचं रान त्याच्या अंगावर येतं. विळ्यानं गवत कापायला दिवसाची मजुरी लागते, आणि माणसं मिळत नाहीत. म्हणून बरेच बचत गट आता गवत कापायचं मशीन घेतात. कुणी त्याला ग्रास कटर म्हणतं, कुणी ब्रश कटर. स्वतःच्या शेतावर वापरायचं आणि बाकीचे दिवस भाड्यानं द्यायचं. चांगला धंदा आहे.

पण दुकानात गेलं की पहिलाच प्रश्न येतो, "ताई, टू-स्ट्रोक देऊ की फोर-स्ट्रोक?" आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघतो आणि शेवटी विचारतो, "स्वस्त कुठलं?" मीही तेच केलं होतं. त्याची किंमत आमच्या गटानं मोजली, ती गोष्ट आधी सांगते.

आमच्या गटाची गोष्ट

आम्ही दहा जणी. कर्ज काढून टू-स्ट्रोक मशीन आणलं. दुकानदारानं चालू करून दाखवलं, तेलाची बाटली दिली, "पेट्रोलमध्ये टाकायचं" एवढं सांगितलं. ते ऐकायला आम्ही दोघीच होतो. पहिले पंधरा दिवस मशीन छान चाललं. मग एके दिवशी आमच्यातली एक वहिनी आंब्याच्या बागेत कामाला गेली. पेट्रोल संपलं. तिनं घरच्या मोटारसायकलचं पेट्रोल बाटलीत काढून आणलं आणि टाकीत ओतलं. मशीन चालू झालं, नेहमीपेक्षा बरं चालतंय असंही तिला वाटलं, धूर कमी होता. थोड्या वेळानं आवाज बदलला, मशीन तापलं आणि जागच्या जागी बंद पडलं. दोरी ओढायला गेली तर दोरी हलेना.

मेकॅनिकनं खोलून दाखवलं. आतला पिस्टन खरवडून निघाला होता. "इंजिन धरलं," तो म्हणाला. दुरुस्तीला मशीनच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे सांगितले. त्या महिन्याच्या सभेत जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांची बोटं त्या वहिनीकडे. ती बिचारी म्हणाली, "माझे पैसे कापून घ्या, पण मला कुणी सांगितलं होतं का?" आणि खरंच, तिला कुणीच सांगितलं नव्हतं. कॅनवर काही लिहिलं नव्हतं, गटाच्या वहीत काही लिहिलं नव्हतं. चूक तिची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती. दुरुस्तीचे पैसे गटानं भरले. पण त्या दिवशी मी ठरवलं की या दोन इंजिनांमधला फरक समजून घ्यायचा आणि जिथं बोलायला मिळेल तिथं सांगायचा.

तो फरक एका प्रश्नात मावतो. इंजिनाचं तेल कुठं राहतं? एवढं लक्षात राहिलं तरी आजचं ऐकणं वाया गेलं नाही असं समजा.

पोटात काय चालतं

सायकलला हवा भरायचा पंप आठवा. एक नळी, तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या. पेट्रोल इंजिनातही तसंच असतं. नळीला सिलिंडर म्हणतात, दट्ट्याला पिस्टन. वरच्या टोकाला ठिणगी पाडणारा प्लग असतो. पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते, ठिणगी पडते, भडका होतो, आणि त्या भडक्याच्या जोरानं दट्ट्या खाली ढकलला जातो. त्या ढकलण्यातूनच खालचा दांडा फिरतो आणि आपलं पातं फिरतं.

दट्ट्याची एक खेप, म्हणजे वरून खाली किंवा खालून वर, याला स्ट्रोक म्हणतात. मुसळ एकदा खाली गेलं तो एक, वर आलं तो दुसरा.

फोर-स्ट्रोकमध्ये एका भडक्यासाठी चार खेपा लागतात. दट्ट्या खाली जातो, झडप उघडते, हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं. दट्ट्या वर येतो, ते दाबलं जातं. ठिणगी पडते, भडका होतो, दट्ट्या जोरात खाली जातो, हेच खरं काम. मग दट्ट्या वर येतो, दुसरी झडप उघडते आणि धूर बाहेर जातो. ओढणं, दाबणं, भडकणं, बाहेर टाकणं. चार खेपांत काम एकदाच, बाकी तीन खेपा तयारीच्या.

टू-स्ट्रोकमध्ये हेच सगळं दोन खेपांत उरकतात. कसं? दट्ट्याच्या वरची जागा आणि खालची जागा, दोन्ही वापरून. दट्ट्या वर जातो तेव्हा वर पेट्रोल-हवा दाबली जाते, आणि त्याच वेळी खाली नवीन पेट्रोल-हवा ओढली जाते. भडका होऊन दट्ट्या खाली आला की खालचा माल दाबला जातो आणि बाजूच्या भोकांतून वर शिरतो. वर शिरता शिरता तो जुना धूर बाहेर ढकलतो. म्हणजे दर दोन खेपांना एक भडका.

यातून तीन गोष्टी आपोआप होतात. पहिली, टू-स्ट्रोकला झडपा आणि त्या उघडण्या-मिटण्याची यंत्रणा लागत नाही, म्हणून ते हलकं असतं, साधं असतं, स्वस्त असतं. दुसरी, तेवढ्याच आकारात जोर जास्त मिळतो. हिशेबानं दुप्पट मिळायला हवा, तेवढा मिळत नाही, पण बराच जास्त मिळतो. तिसरी गोष्ट तोट्याची. नवीन माल जुन्या धुराला ढकलत असताना थोडं न जळलेलं पेट्रोलही धुराबरोबर बाहेर निसटतं. म्हणून टू-स्ट्रोक पेट्रोल जास्त पितं आणि धूरही जास्त करतं.

तळघरातलं तेल

आता मुख्य मुद्दा. लोखंडावर लोखंड घासलं की ते तापतं आणि झिजतं. म्हणून इंजिनाला तेल लागतं. गाडीच्या चाकाला वंगण लावतो तसंच.

दट्ट्याच्या खाली जो बंद भाग असतो, त्याला आपण इंजिनाचं तळघर म्हणू. फोर-स्ट्रोकमध्ये या तळघरात तेल भरून ठेवलेलं असतं. ते आत उडत राहतं, सगळीकडे लागतं आणि परत तळघरात येतं. पेट्रोलचा आणि त्याचा संबंध येत नाही. टाकीत साधं पेट्रोल, तळघरात तेल. दोन वेगळ्या जागा.

टू-स्ट्रोकमध्ये मात्र तळघर हा पेट्रोलचा रस्ताच आहे. आत्ताच सांगितलं ना, नवीन माल आधी खाली येतो, मग वर जातो. रस्त्यात तेल साठवून कसं ठेवणार? म्हणून तिथं तेल पेट्रोलमध्येच मिसळून पाठवावं लागतं. ते जाता जाता सगळ्या भागांना लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जातं. टू-स्ट्रोकचा तो निळसर धूर आणि वास तेलाचाच असतो.

आता आमच्या वहिनीच्या हातून काय झालं ते कळलं? साध्या पेट्रोलात तेल नव्हतं, म्हणून धूर कमी दिसला. म्हणूनच मशीन "बरं चालतंय" असं वाटलं. आत मात्र कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर घासत होतं.

हे आपल्याला नवीन नाही

तुमच्या घरात कुणाकडे जुनी लुना होती का? पुण्याच्या कायनेटिकनं १९७२ साली लुना आणली आणि किती तरी शिक्षिका, नर्सताई, ग्रामसेविका तिच्यावरून गावोगाव फिरल्या. त्याच वर्षी बजाजची चेतक स्कूटर आली. ती पुढं हुंड्याच्या यादीतही जाऊन बसली, ही आपली लाजिरवाणी गोष्ट. लुनाचं इंजिन टू-स्ट्रोक आणि त्या काळच्या चेतकचंही टू-स्ट्रोकच. म्हणून तेव्हा पेट्रोल पंपावर "ऑइल टाका" असं सांगावं लागायचं, आणि पंपवाला मापानं तेल घालायचा. जुन्या रिक्षांचा तो निळा धूर आठवतो ना, तोही त्याच तेलाचा.

१९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. कमी पेट्रोलात जास्त चालते म्हणून लोकांनी ती उचलली. पुढं २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू मागे पडल्या. त्यामुळं झालं काय, आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलींनी पेट्रोलमध्ये तेल मिसळताना कधी पाहिलेलंच नाही. आजीला जे माहीत होतं ते नातीला माहीत नाही. आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेलं तरी शेतातून गेलेलं नाही. गवताचं मशीन, पाठीवरचा फवारणी पंप, झाड कापायची चेन सॉ, यांत ते अजून आहे, कारण तिथं यंत्र माणसाच्या अंगावर असतं आणि एकेक किलो जाणवतो.

बर्फाच्या डोंगरातही हाच वाद

गंमत सांगते. हाच वाद जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फाच्या डोंगरांत घातला जातो. तिथं बर्फावर चालणारी स्कूटर असते. पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रबरी पट्टा, मध्ये इंजिन. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात ती हीच. कॅनडातल्या बोंबार्दिए नावाच्या कारागिराचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद होते, त्याला दवाखान्यात नेता आलं नाही आणि तो गेला. त्या माणसानं बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवण्यात आयुष्य घातलं, आणि १९५९ मध्ये त्याची एक-दोन माणसांची हलकी बर्फगाडी बाजारात आली.

उंच डोंगरावर हवा विरळ असते. हवा कमी म्हणजे भडका कमी, म्हणजे जोर कमी. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के जोर उतरतो असा ठोकताळा आहे. दहा हजार फुटांवर तीस टक्के गेला की! यावर उपाय म्हणजे टर्बो. ट्रकच्या मागं "टर्बो" लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. इंजिनातून जोरात बाहेर पडणाऱ्या धुरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतं. लोहाराच्या भात्यानं निखारा फुलतो तसं. फोर-स्ट्रोक बर्फगाडीला टर्बो लावला की ती उंचावरही दमत नाही, धूर कमी करते, पेट्रोल कमी पिते. पण ती जड असते, आणि भुसभुशीत बर्फात रुतली की उपसून काढताना कंबर मोडते. टू-स्ट्रोक गाडी हलकी, वळवायला सोपी, रुतली तर माणूस ओढून काढू शकतो. अलीकडे तर टू-स्ट्रोकलाही कारखान्यातूनच टर्बो लावून देतात. तरीही वाद मिटलेला नाही, कारण एक जण लांबचा पल्ला मारतो, दुसरा उभ्या चढावर झाडाझाडांतून जातो. काम वेगळं, म्हणून उत्तर वेगळं.

आपल्याकडं माथेरानची उंची साधारण आठशे मीटर. तेवढ्यानं हवा फारशी विरळ होत नाही, तेव्हा तो प्रश्न आपला नाही. गवताच्या लहान मशीनला टर्बो नसतोही. डब्यावर "टर्बो" छापलेलं दिसलं तर ते नुसतं नाव समजा, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पण वजनाचा प्रश्न मात्र त्यांचा आणि आपला एकच आहे. उतारावर, चिखलात, उन्हात ते यंत्र वागवणार कोण?

मग घ्यायचं कुठलं?

ज्या गटाचं काम डोंगरउतारावर आहे, मशीन उचलून लांब चालत न्यावं लागतं, गवत जाड आहे, झुडपं आहेत, आणि मशीन एक-दोन ठरलेल्या जणीच चालवणार आहेत, त्यांना टू-स्ट्रोक बरं पडतं. हलकं, जोरकस, दुरुस्तीला सोपं. पण मिश्रणाची शिस्त पाहिजे.

ज्या गटाला मशीन रोज भाड्यानं द्यायचं आहे, काम बांधावर, बागेत, शाळेच्या मैदानावर आहे, तासन्‌तास चालवायचं आहे, आणि मशीन दहा हातांतून फिरणार आहे, त्यांनी फोर-स्ट्रोकचा विचार करावा. थोडं महाग, त्याच जोराला थोडं जड, पण पेट्रोल कमी, धूर कमी, आवाजही सौम्य. दिवसभर नाकाशी धूर घेणाऱ्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नाही.

पेट्रोल किती लागतं हे दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका, स्वतः मोजा. टाकी काठोकाठ भरा, एक तास नेहमीसारखं काम करा, मग मापाच्या भांड्यानं परत काठोकाठ भरा. जेवढं लागलं तेवढं तासाचं पेट्रोल. समजा एका मशीनला दुसऱ्यापेक्षा तासाला पाव लिटर जास्त लागतं. दिवसाचे चार तास धरले तर रोज एक लिटर. हंगामात साठ दिवस काम झालं तर साठ लिटर. आता त्याला पेट्रोलच्या भावानं गुणा, वर तेलाचा खर्च धरा. कधी कधी किमतीतला फरक दोन हंगामांत भरून निघतो. उलट वर्षातून दहाच दिवस काम असेल, तर महाग मशीनची गरज नाही.

आणि एक सावधगिरी. काही मशीनं फोर-स्ट्रोक असूनही त्यांना पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. त्यांच्या तळघरात वेगळं तेल नसतंच. म्हणून "किती स्ट्रोक?" एवढंच विचारून थांबू नका. "तेल कुठं टाकायचं? टाकीत की इंजिनात?" हे विचारा, आणि दुकानदाराला पुस्तिकेत तसं लिहिलेलं दाखवायला सांगा.

टू-स्ट्रोक असेल तर

मिश्रणाचं प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. १:५० म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली तेल. १:४० म्हणजे २५ मिली. १:२५ म्हणजे ४० मिली. पाच लिटरचा कॅन १:५० नं भरायचा तर १०० मिली. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण यासाठी उत्तम, मात्र ते परत औषधाला वापरू नका.

तेल टू-टी लिहिलेलंच पाहिजे. मोटारसायकलचं फोर-टी तेल मिश्रणाला चालत नाही. "जास्त घातलं तर जास्त चांगलं" असंही नाही. जास्त तेलानं प्लग काळा होतो, धूर वाढतो, मशीन चालू व्हायला कुरकुरतं. कमी घातलं तर काय होतं ते आमच्या वहिनीला विचारा.

मिश्रण मशीनच्या टाकीत करू नका. वेगळ्या कॅनमध्ये करा, हलवा, मग ओता. महिनाभर पुरेल एवढंच करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवून बंद होऊ द्या.

सर्वांत महत्त्वाचं, कॅनला खूण करा. आम्ही मिश्रणाच्या कॅनला लाल रंगाचा पट्टा मारला आणि मशीनच्या टाकीच्या झाकणालाही लाल पट्टा. लालमध्ये लाल. जिला वाचता येत नाही तिलाही हे चुकत नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही ठेवू नका. पोरं तहानेली असतात.

फोर-स्ट्रोक असेल तर

इथं मिसळायचं काही नाही, म्हणून बायका निर्धास्त होतात, आणि तिथंच फसतात. साधारण ३५ सीसीच्या मशीनच्या तळघरात जेमतेम १०० मिली तेल मावतं. चहाचा एक कप. त्यातलं दोन-चार चमचे कमी झालं तरी इंजिनाला जाणवतं. म्हणून रोज मशीन चालू करण्याआधी, सपाट जागेवर ठेवून, तेलाचं झाकण उघडून बघा. डाळीत मीठ बघतो तितकी ही सवय अंगात भिनली पाहिजे.

तेल काळं होतं, ते बदलावं लागतं. नवीन मशीनचं पहिलं तेल साधारण दहा तासांनी, पुढं दर पन्नास तासांनी किंवा सहा महिन्यांनी, असं बऱ्याच पुस्तिकांत असतं. तास कसे मोजणार? गटाच्या वहीत. कोण घेऊन गेली, किती तास चालवलं, तेल बघितलं का. तीन रकाने पुरेत. काढलेलं जुनं तेल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

हातात धरायची चांगली फोर-स्ट्रोक मशीनं कशीही कलली तरी चालतात, कारण ती तशीच बनवलेली असतात. पण जमिनीवर चालणाऱ्या पॉवर वीडरचं इंजिन फार कललं तर तेल नको तिथं जातं. उतारावर वापरायचं असेल तर आधी विचारून घ्या. आणि कुठलंही फोर-स्ट्रोक मशीन टेम्पोत आडवंतिडवं फेकून नेऊ नका. चालू केल्यावर पांढरा धूर आला तर समजा, तेल वर चढलंय.

दोन्हींना लागू

एअर फिल्टर म्हणजे मशीनचं नाक. गवताचा भुसा त्यात बसतो. रोज काढून झटका. खांद्याचा पट्टा आपल्या उंचीप्रमाणे लावा. ही मशीनं बहुधा उंच माणसाचा विचार करून बनवलेली असतात. पट्टा ढिला राहिला तर सगळा भार मनगटावर येतो आणि रात्री हात वर होत नाही. दुकानात मशीन अंगावर घेऊन दहा मिनिटं उभं राहा, दोरी स्वतः ओढून बघा. लाजू नका. साडी घेताना आपण दहा घड्या मोडतो, इथं तर हजारो रुपयांचं यंत्र आहे.

डोळ्याला चष्मा, कानात बोळे, पायात बूट, पदर किंवा ओढणी घट्ट खोचलेली. आजूबाजूला पंधरा मीटरच्या आत कुणी नको, कारण पात्याखालचा खडा गोळीसारखा उडतो. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. आणि बंद खोलीत मशीन चालू करायचं नाही, त्या धुरात जीव घेणारा वायू असतो.

सभेत विचारायचे प्रश्न

मशीन घ्यायच्या आधीच्या सभेत हे पाच प्रश्न मांडा आणि उत्तरं वहीत लिहा.

१. वर्षाकाठी किती दिवस, किती तास काम आहे?
२. काम उतारावर की सपाटीवर? मशीन किती लांब उचलून न्यायचं?
३. चालवणार किती जणी? त्या सगळ्यांना दुकानदार शिकवणार का?
४. याचं तेल कुठं टाकायचं, कुठलं, किती?
५. दुरुस्ती आणि सुटे भाग पनवेलात मिळतात का, की मुंबईला धावायचं?

शेतीच्या अवजारांना सरकारी योजनेतून अनुदान मिळू शकतं, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. पैसे भरण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन यंदा काय चालू आहे ते विचारा. आधी खरेदी आणि मग चौकशी असं करू नका.

आमच्या त्या वहिनीचं शेवटी सांगते. मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा तिला हात लावायची भीती वाटत होती. आम्ही ठरवलं की मिश्रण आता तिनंच करायचं. आज गटात सगळ्यात अचूक माप तिचं असतं. नवीन बाई आली की तीच शिकवते, आणि शिकवताना आधी विचारते, "सांग बघू, याचं तेल कुठं राहतं?" उत्तर आल्याशिवाय दोरीला हात लावू देत नाही.

तुमच्या गटातही असं विचारणारी एक तरी असू द्या.